समुद्रासुराचा अळणी पुजारी

"ऐकून घ्या बे सगळे! या साली आपल्या बोरटेकचं नाटक असं होईन, का मेहकरवाले पायी पायी येतील अन् अमडापूरवाले लाजेनं कवाड लावून बसतील!"

असं कडूबा पारावर उभा राहून म्हणला. उभा राहूनच म्हणला, कारण बसून बोललेलं त्याचं त्यालेच खरं वाटत नव्हतं!

आता हा कडूबा काई नाटकवाला नव्हता बरं का. वांगेवाला होता. पण वांगे कसे? पांढऱ्या पट्ट्याचे, काटेरी देठाचे, अन् इतके नाजूक का चुलीजवळ नेले तरी लाजून अर्धे शिजत! चातुर्मासभर गावात कोणी वांग्याले हात लावत नसे. चंपाषष्ठीले खंडोबापुढं रोडग्याची पंगत बसे, तवा सगळं गाव वांग्यावर असं तुटून पडे जसा वर्षाचा उपाशी. अन् त्या पंगतीले वांगे कडूबाच्याच वाडीतले. तो त्याचा मान! आजापासून चालत आलेला. तेवढा एक मान होता, तो सांभाळून गप्प बसला असता तं कायचं रामायण झालं असतं? पण गप्प बसन तो कडूबा कसला!

"नाटक कायचं करतं?" मोतीरामनं विचारलं. मोतीराम त्याचा दोस्त. अंगानं असा, का ज्वारीच्या कणगीले धोतर नेसवल्यासारखा.

"समुद्राचं!"

बोरटेकपासून समुद्र इतका लांब, का तिकून निघालेला ढग इथं येईलोक रिकामा होऊन जाते!

"अबे पण समुद्रच काऊन?"

"काऊन म्हणजे? नवं राज्य झालं का नाई? त्यात मुंबई आली का नाई? मुंबईच्या मांगं समुद्र आला. म्हणजे समुद्र आपला झाला! अन् आपल्या समुद्राचं नाटक आपण नाई करायचं, तं काय इंदूरवाल्यानं करायचं?"



"तू पाह्यला का समुद्र?" मोतीराम काई सोडेना.

"पाह्यला म्हणजे! आंघोळ केली!"

नेमकी तवाच कडूबाची बायको कोकिळा डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिकून चालली होती. ते थांबली. तिले सगळं ठावकं होतं. हा गडी वांग्याचं पोतं घेऊन एकदा मुंबईले निघाला होता खरा, पण भुसावळच्या ठेसनावर चहा प्याले उतरला अन् गाडी वांगे घेऊन गेली! मुंबई वांग्यानं पाह्यली, कडूबानं नाई. पण चार माणसांत नवऱ्याची फजिती कराची नाई, म्हणून तिनं नुसतं विचारलं, "कसा असते वो समुद्र?"

"मोठा! लोणारचं तळं घे, अन् त्याचा पलीकडचा काठ काढून टाक!"

"अन् चवीले?"

"ते... ते तोंडानं सांगता येत नाई. त्याच्यासाठी जा लागते."

कोकिळा पदराआड हासली अन् भारा सावरत चालली गेली.

तं नाटक कडूबानं स्वतःच रचलं. समुद्रात एक असुर राह्यते, समुद्रासुर. मगरीचं तोंड, हत्तीची सोंड, माशाचं शेपूट. देवानं उरलंसुरलं सामान लावून बनवल्यासारखा! त्याचे पुजारी येणारी-जाणारी जहाजं बुडवून त्याले निवद दाखवतात. शेवटी एक राजपुत्र येते अन् असुराले मारते. राजपुत्र कोण? किसनराव! गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. वय पन्नाशीच्या पार, दात अर्धे, पण नाटकाचे कंदील त्याईच्या घरचे होते. आता ज्याचे कंदील तो राजपुत्र, नाई का? अन् मुख्य पुजारी कडूबा. असुराच्या पोटात मोतीराम.

असुराच्या अंगाले बांबूची ताटी अन् गोणपाट लावलं. दाताले मुळे खोचले, वाडीतलेच, पांढरेशुभ्र. पण तोंड अन् सोंड कायची कराची? कडूबानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् त्याची नजर विहिरीवरच्या नव्याकोऱ्या मोटीवर गेली. चामड्याची फुगीर मोट, खाली लांबलचक सोंड! देवानं जसं समुद्रासुराचं मुंडकंच बोरटेकच्या विहिरीवर टांगून ठेवलं होतं!

"मोटीले हात लावाचा नाई हं!" कोकिळा धावत आली. "माह्या बापानं देली ते मले."

"अवं एका सांजेचं काम. उद्या परत विहिरीवर!"

कोकिळानं कसंतरी मन मोठं केलं. पण लाल रंग पायजे होता. दुकानात रंग नाई. बीबी गावच्या बाजाराले चार दिवस बाकी. कडूबानं काय केलं असन? मारुतीच्या देवळातून शेंदराचा डबा आणला, त्यात तेल कालवलं अन् मोट अशी माखली, अशी माखली, का बैलानं पाह्यली अन् दावं तोडून पळाला!

कोकिळानं कपाळावर हात मारला. "अवो, शेंदूर काऊन लावला? शेंदूर लावलेल्या वस्तूले मंग..."

"धुऊन टाकतो ना सकाळी! तू वांग्याकडं पाय, नाटकाचं मी पायतो!"

दिवेलागणीले निंबाखाली नाटक उभं राह्यलं. आजूबाजूच्या पाच खेड्यांचं माणूस लोटलं. अन् कडूबा आला! अंबाडीची दाढी बेंबीलोक, कपाळाले राख, हातात बैलाच्या गळ्यातली घंटी. नाटकातली भाषा म्हणजे पुस्तकी पायजे, म्हणून त्यानं नाक वर करून सुरुवात केली:

"हुंब हुंब समुद्रासुरा! मी या थोर देवाचा मुख्य पुजारी! मीठ माझ्या देवाचं आहे, म्हणून मी अळणी जेवतो! आभाळ त्याचं छत आहे, म्हणून मी छपराखाली निजत नाही! धरती त्याची पाठ आहे, म्हणून मी पायात वहाण घालत नाही! आणि जो कोणी या देवाला जागेवरून हलवील, त्याच्या पिकावर अशी अळी पडेल, की बियाणंसुद्धा उरणार नाही!"

तिथल्या तिथं सगळ्या बायाईनं हात जोडले! कडूबाले वाटलं, आपलं काम जमलं. जमलं ना बापा, जरा जास्तच जमलं!

कारण मंग उठली तानुबाई. गावातली सगळ्यात म्हातारी. तिच्यापुढं पोलीस पाटीलबी विडी विझवे. ते काठी टेकत सरळ नाटकात घुसली, असुराच्या पुढ्यात नारळ ठेवला अन् पदर पसरून म्हणली, "देवा, माही म्हैस हारपली. कुठी हाय सांग!"

कडूबा पुजाऱ्याची भाषाच विसरला. "तानूमाय, नाटक चालू हाय वं! बस ना खाली!"

"तुले कोण विचारून राह्यलं? मी देवाले विचारून राह्यली!"

आतमध्ये मोतीरामले घाम फुटून राह्यला होता. मोट तोंडावर, नाकात शेंदूर. म्हातारी जाईलोक काई सुटका नाई हे त्याले समजलं. अन् दुपारीच किसनरावच्या तुरीत एक म्हैस चरताना त्यानं पाह्यली होती. त्यानं मोटीच्या सोंडेतून आवाज काढला, "पश्चिमेले! तुरीत! उद्या घेऊन ये!"

माय वं माय! काय ते घुमलं! बायाईच्या अंगावर काटा, पोट्टे आयांच्या मांगं. तेवढ्यात राजपुत्र किसनराव तलवार उगारून आले, "थांब असुरा, तुझा काळ आला!" तं तानुबाईनं त्याईचं मनगटच धरलं.

"खबरदार किसन्या! माही म्हैस सापडू दे आधी!"

झालं! असुर काई मेला नाई. नाटक तिथंच संपलं. लोक घरी गेले ते पाया पडत पडत.

सकाळी कडूबा हातात राखेचा गोळा अन् घासणी घेऊन मोट आणाले गेला. निंबाखाली पायते तं काय? रांग लागलेली! असुराच्या गळ्यात झेंडूचे हार, पुढं उदबत्त्या, सोंडेले हळद-कुंकू! शेजारी तानुबाई बसलेली, अन् तिच्या मांगं म्हैस उभी. तुरीत सापडलेली!

"आला वं बाई पुजारी! चाला, आरती सुरू करा!"

"कायचा पुजारी? तानूमाय, ते माही मोट हाय! नाटक होतं ते!"

"नाटक होतं ना," तानुबाई म्हणली, "पण शेंदूर तं खरा होता का नाई?"

आता सांगा, काय बोलन माणूस? आपल्याकडं रस्त्यावरच्या धोंड्याले कोणी शेंदूर लावला तं बैलगाडीबी वळसा घालून जाते. कडूबा स्वतः कितीकदा वळसा घालून गेला होता! त्यानं हात पुढं केला, पण हात काई मोटीले लागेना.

किसनराव तिथंच उभे होते. म्हैशीनं त्याईची तूर साफ केली होती, म्हणून जरा रागात. "पण काकू, चामड्याचा देव?"

"संबळ कायचं असते रे? ते वाजल्याबिगर देवी येते का?"



"अन् हलवायचा तं बिलकुल नाई," तानुबाईनं काठी आपटली. "अळी पडन म्हणून कालच सांगितलं. कोणी सांगितलं?"

सगळ्या बायाईनं एकदमच कडूबाकडं बोट दाखवलं.

तिथून कडूबाचे हाल सुरू झाले. दुपारी पानावर बसला. कोकिळानं पिठलं वाढलं. पहिला घास तोंडात घातला तं काय, मातीचं घर चाटल्यासारखं!

"मीठ कुठी गेलं?"

"मी काय करू? गीताबाई चुलीजवळच बसून होती राखण. पुजाऱ्याच्या पिठल्यात मीठ पडलं तं गावाले बाधन म्हणते."

दारात गीताबाई होतीच, कोकिळाची शेजारीण. हात जोडून म्हणली, "महाराज, नेम मोडू नका वो!" कालपर्यंत हेच गीताबाई त्याले 'कडू वांगं' म्हणे!

रात झाली तं गडी बाहेर. कार्तिकाची थंडी, वर उघडं आभाळ. छपरात जावं तं तानुबाईची नात समोरच्या ओट्यावरून पायते. शेतात जावं तं पायात वहाण नाई, अन् बोरटेकच्या रस्त्यावर धूळ कमी, बोरीचे काटे जास्त! कडूबा असा उड्या मारत चाले, का लोक म्हणत, पाय, पुजारी नाचत चालला!

हेबी त्यानं सोसलं असतं. पण वांगे? वांग्याले पाणी कोण देईन? रब्बीचे दिवस, गावातल्या सगळ्या मोटा ज्याच्या त्याच्या विहिरीवर जुंपलेल्या. उसनी कोण देते? तो अन् कोकिळा घागरीनं पाणी ओढून राह्यले, पण घागरीनं कुठी वाडी भिजते! पानं खाली पडले. झाडं असे मान टाकून उभे, जसे शाळेत अंगठे धरलेले पोट्टे. अन् चंपाषष्ठी तं महिन्यावर आली! आजापासूनचा मान जातो का राह्यतो?

कोकिळा वाफ्यात उभी राहून म्हणली, "मी सांगून ठेवतो. वांगे वाळले अन् पंगतीले दुसऱ्याचे वांगे गेले, तं मी त्या दिवशी इथं थांबणार नाई. मी चालली अमडापूरले. बापाले सांगतो, तुम्ही देलेली मोट देव झाली अन् जावई बैरागी!"

कडूबा रातभर आभाळाकडं पाहत पडला. थंडीनं दात वाजून राह्यले होते. अन् वाजता वाजता थांबले! डोक्यात उजेड पडला!

दुसऱ्या दिवशी ऐन आरतीत कडूबा घुमाले लागला. पहिले खांदे, मंग मान, मंग सगळाच!

"हुंऽऽब! मी समुद्रासुर! मी पाण्यातला देव, आणि मला कोरडा ठेवता? माझा घसा सुकला! मला... मले तहान लागली बे!"

तानुबाई जवळ आली. डोळे बारीक करून पाह्यलं. "काय पायजे देवा?"

"बुडवा! मला रोज विहिरीत बुडवा! सकाळपासून दुपारलोक बुडवा!"

"कोणत्या विहिरीत?"

"पुजाऱ्याच्या!"

"अन् हलवलं तं अळी पडते ना?"

इथं कडूबा जरासा अडकला. पण घुमता घुमताच म्हणला, "बैलानं हलवलं तं चालते!"

निघाली की मिरवणूक! पुढं डफडं, मांगं बाया, मधात बैलगाडीत समुद्रासुर. गोणपाट अन् ताटी काढून ठेवली, कारण देवाले आंघोळीले कपडे कायले? मोट नाड्याले लागली, बैल विहिरीच्या उतरत्या धावेवर आले, अन् मोट खाली गेली. कोकिळा वाफ्याच्या तोंडाशी खोरं घेऊन तयार. कडूबाच्या डोळ्यात पाणी. भरलेली मोट वर आली, सोंड सुटली, अन् धबाऽऽक करून पाणी पडलं!

"तीर्थ!" तानुबाई ओरडली.

बस! घागरी, तांबे, लोटे, कळश्या, एकीनं तं पातेलं आणलं होतं! पाणी पाटात पडाच्या आत वरच्या वर गायब! मोटीवर मोट गेली, पण वाफ्यापर्यंत एक थेंब आला असन तं तो कडूबाच्या डोळ्यातला!

अन् याच्यावर किसनराव पुढं सरकले. दाढीवरून हात फिरवत म्हणले, "कडूबा महाराज, देव काय एकट्याच्या विहिरीचा हाय का? सगळ्या विहिरीले मान भेटाले पायजे. उद्या माह्याकडं!"

"हाव हाव! बरोबर हाय!" गाव ओरडलं.

दुसऱ्या दिवसापासून समुद्रासुर विहिरी फिराले लागला. किसनरावनं स्वतःची मोट खुंटीले टांगली अन् देवाकडून सगळा गहू भिजवून घेतला. मंग याचा हरभरा, मंग त्याची मिरची. बाया तीर्थाचा पहिला लोटा नेत, बाकीचं पाणी मालकाच्या वावरात. अन् कडूबा? मोटीच्या शेजारी अनवाणी, अळणी, थंडीनं कुडकुडत उभा! "हुंब हुंब समुद्रासुरा!" मोटीगणिक म्हणा लागे, नाईतं किसनराव म्हणत, "महाराज, मंत्र राह्यला!" सगळ्या गावाचं शेत कडूबाच्या मोटीनं हिरवं झालं. एकट्या कडूबाचं सोडून! त्याच्या विहिरीची पाळी मंग सगळ्याईच्या शेवटी.

घरी आला तं कोकिळा शांतपणे लसूण सोलत बसलेली. कडूबा घाबरला. बोलत नाई म्हणजे गाठोडं बांधलं असन!

"चालली का अमडापूरले?"

"पायतो अजून," ते म्हणली, अन् उठून गीताबाईच्या दारात गेली. "काय वं गीताबाई, कालचं तीर्थ शिळं झालं तं काय करतं?"

"फेकते बाई अंगणात."

"अंगणात? पायदळी? माय माय! देवाचं तीर्थ पायाखाली आलं तं काय होईन? झाडाच्या बुडाशी सोडा लागते ना ते!"

गीताबाईच्या हातची परात पडली. "कोणत्या झाडाच्या?"

"आता मी काय सांगू बाई," कोकिळा जमिनीकडं पाहत म्हणली, "पुजाऱ्याचीच वाडी त्यातल्या त्यात पवित्र."

सांज होईलोक हे बात तानुबाईपर्यंत गेली, अन् तानुबाईपर्यंत गेली म्हणजे कायदा झाला! दुसऱ्या दिवशी उजाडताच कडूबा डोळे चोळत उठला तं वाडीत बायाईची रांग! जिच्या तिच्या डोक्यावर घागर. घरी लोटाभरच तीर्थ, पण लोटाभर घेऊन देवाच्या दारी जावं तं बरं दिसत नाई, म्हणून वाटेतल्या आडावरून भरून घागर! एकेकीनं एकेक झाड धरलं. "हे माह्यं झाड हं, याले तू सोडू नको!" झाडावरून भांडणं लागले! तानुबाईनं कोपऱ्यातलं झाड घेतलं अन् त्याच्याशी म्हैशीसारखं बोलाले लागली. वांग्यानं मान वर केली. मंग फूल धरलं. मंग असे लागले, असे लागले, का झाडं वांग्याच्या वजनानं तानुबाईसारखे काठी मागाले लागले!

कडूबा वाफ्यात उभा राहून पाहतच राह्यला. "कोकिळे, हे तुले कसं सुचलं?"

"मले काय ठावं? मी काई समुद्रात आंघोळ केली नाई."

तिकडं विहिरी फिरून फिरून मोटीचा शेंदूर सुटाले लागला. कडूबानं चिकटवला तेवढाच, रोज बुडवून बुडवून किती टिकन? कडूबाच्या विहिरीची पाळी आली त्या दिवशी मोट वर आली ते साफ! नुसतं चामडं! लालीचा ठिपका नाई.

तानुबाईनं वाकून पाह्यलं, बोटानं घासलं, बोट पाह्यलं.

"देव गेला," ते म्हणली. "पाण्यातून आला, पाण्यातून गेला. कडूबा, घेऊन जा आपली मोट."

कडूबाले वाटलं आता नाचावं! बिनकाट्याचं! त्यानं मोट उचलली, छातीले लावली. सोंडेले तीन भोकं पडले होते, पण मोट आपली होती! त्यानं पहिले वहाणा घातल्या, मंग धावत घरात शिरून खाटेवर लोळून घेतलं. मिठाचा पहिला घास तेवढा उद्याच्या पंगतीसाठी राखून ठेवला.

चंपाषष्ठीले पंगत बसली. खंडोबाले निवद दाखवला. गोवऱ्यात भाजलेले रोडगे, वर तुपाची धार, अन् कडूबाच्या वांग्याची भाजी. पाच गावचं माणूस बोटं चाटून राह्यलं! कोकिळाचा बाप अमडापूरहून आला होता, तो म्हणला, "जावईबापू, असं वांगं मी जनमात खाल्लं नाई! मोट चांगली चालते ना?"

"लय चालते," कडूबा म्हणला. "गावभर चालते!"

अन् त्यानं रोडगा कुसकरला, भाजी कालवली, अन् इतक्या दिवसाचा मीठ-मसाल्याचा पहिला घास तोंडाजवळ नेला.

"थांब!" तानुबाईची काठी आडवी आली. "पुजाऱ्याची भाजी वेगळी हाय. गीताबाई, अळणी आण वं!"

"तानूमाय!" कडूबा ओरडला. "देव तं गेला ना! तूच म्हणली!"

"देव गेला. पुजारी कुठी गेला? पुजारी इथंच बसून हाय! वहाणा अन् छप्पर मी म्हातारीनं माफ केलं, थंडी हाय म्हणून. पण खाण्याचा नेम? तिकडून निरोप येईलोक पाळा लागन!"

"कोठून निरोप?"

"समुद्राहून. तुले तं रस्ता माहीतच हाय!"

सगळी पंगत खाली मान घालून हासाले लागली. गीताबाईनं पानावरची भाजी उचलून नेली अन् अळणी आणून वाढली. स्वतःच्या वाडीतले वांगे, स्वतःच्या मानाची पंगत, अन् स्वतःच्याच तोंडात माती!

तेवढ्यात कोकिळा तूप वाढत आली. वाकली, तुपाची धार धरली, अन् तिच्या मुठीतून कायतरी हळूच भाजीवर सांडलं. पदराआडून इतकंच विचारलं, "सांगा आता. कसा असते समुद्र चवीले?"

कडूबानं घास घेतला. अन् भर पंगतीत त्याच्या डोळ्यातून धारा लागल्या!

"काऊन रडतं बे पुजाऱ्या?" तानुबाईनं विचारलं.

"काई नाई तानूमाय," दुसरा घास कोंबत कडूबा म्हणला, "समुद्र आठवला!"